घोयऱ्याच्या अंगावरचं बेलाचं पान

"आता बघा," मी म्हणालो, "दोन मिनिटांत हा लाल होतो की नाही!"

समोर अख्खं बोरमाळ उभं होतं. चिंचेजवळच्या उघड्या उन्हात माझं प्रयोगाचं टेबल, टेबलावर स्टाफरूममधून आणलेला लालभडक टेबलक्लॉथ, त्यावर वीतभर लांबीचा घोयरा सरडा, आणि घोयऱ्यामागे मी. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घड्याळ.

एक मिनिट झालं. घोयरा काळा झाला.

दुसरं मिनिट झालं. घोयरा आणखी काळा झाला. अंग फुगवून, जबडा वासून त्यानं माझ्यावर फिस्स केलं. त्याचा एक डोळा माझ्याकडे होता, दुसरा सरपंचांकडे.

"सर," खुर्चीत बसलेले सरपंच तात्या शेंडगे म्हणाले, "लाल लाल म्हंत्यात त्यो ह्योच का?"

मागं पोरं खिदळली. मी म्हणालो, "जरा वेळ लागतो त्याला."

"लागूंद्या की. आमास्नी तरी कुठं जायचंय?"

खरी पंचाईत वेगळीच होती. घोयऱ्याच्या डाव्या कुशीवर अंगठ्याएवढं बेलाचं पान उमटलेलं होतं. तीन दलांचं, फिकट पिवळं, कडा रेखीव. ते खोटं आहे हे दाखवायला मी उभा होतो, आणि घोयरा जसजसा काळा पडत होता तसतसं पान जास्तच उठून दिसत होतं. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. माझ्याकडे बघून नव्हे.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. मी बोरमाळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. सगळे मला नाईकनवरे सर म्हणत, आणि मला एक खोड होती. माणूस दिसला की मनातल्या मनात दहापैकी गुण देऊन मोकळा व्हायचो. तात्यांना चार होते. त्यातले दोन मिशांचे. चित्रकलेच्या मगदूम सरांना पाच. स्वतःला साडेनऊ, अर्धा विनयापोटी कापलेला. बायकोला गुण दिलेले नव्हते. घरातल्या माणसाचा पेपर तपासायचा नसतो, असा नियम होता, आणि तो मीच केला होता.

बावीस वर्षं मी बिस्किटांच्या डब्यात परीक्षानळ्या घालून या वर्गातून त्या वर्गात हिंडलो होतो. त्या वर्षी एकदाची प्रयोगशाळा मंजूर झाली. अट एकच, मार्च संपायच्या आत पाया भरला पाहिजे. नाहीतर मंजुरी दुसऱ्या गावाला. जागा मीच निवडली. मैदानाचा पूर्वेकडचा कोपरा. सकाळचा उजेड उत्तम, जमीन कठीण. नकाशाही मीच काढला. त्या कोपऱ्यात एक जुनी चिंच होती, ती तोडायची ठरली. चिंचेच्या बुंध्याशी एक अर्धा गाडलेला दगड होता, त्याला लोक महादेवाची पिंड म्हणत आणि सोमवारी कुणीतरी एखादं फूल टाकून जाई. त्याच चिंचेखाली रोज सकाळी नऊ ते अकरा माझ्या बायकोचा, शालनचा, शिवणवर्ग भरायचा. अकरा मशिनी आणि आळीपाळीनं बसणाऱ्या तिसेक पोरी. आमचं क्वार्टर हाकेच्या अंतरावर. मशिनी व्हरांड्यातून उचलायच्या आणि सावलीत मांडायच्या. दगड आणि शिवणवर्ग, दोन्ही गोष्टी नकाशात दाखवायची पद्धत नसते. मी दाखवल्या नाहीत.

कुऱ्हाडवाले यायला बारा दिवस उरले असताना शिवणवर्गातली एक पोरगी किंचाळली. "बाई! घोयऱ्याच्या अंगावर बेल!"

घोयरा म्हणजे तो रंग बदलणारा, डोळे गरागरा फिरवणारा, पाऊल टाकू की नको अशा विचारात आयुष्य काढणारा सरडा. आमच्या चिंचेवर तो कैक वर्षं होता. सकाळी उन्हाला खालच्या फांदीवर येऊन बसायचा, ऊन चढलं की वर जायचा. त्या सकाळी तो खाली बसला होता आणि त्याच्या काळपट कुशीवर बेलाचं पान होतं.

दुसऱ्या दिवशी शंभर माणूस जमलं. तिसऱ्या दिवशी नारळ फुटला. रोज नऊच्या सुमारास पान दिसायचं, दहापर्यंत पुसट व्हायचं, साडेदहाला घोयरा हिरवागार होऊन पानांत दिसेनासा व्हायचा. मधे एक गुरुवार ढगाळ गेला, त्या दिवशी पान उमटलंच नाही. स्टाफरूममध्ये मी म्हणालो, "महादेव ढगाळ दिवशी किरकोळ रजेवर असतो." सगळे हसले. हातात आलेला एकुलता एक पुरावा मी हशा मिळवण्यात खर्च केला, हे तेव्हा कळलं नाही.

माझा संशय मगदूमवर होता. रंग त्याच्याकडे, ब्रश त्याच्याकडे, आणि प्रयोगशाळेऐवजी चित्रकलेचा हॉल व्हावा म्हणून अर्जही त्यानंच केलेला. मी त्याला गाठलं.

"मगदूम, कितव्या नंबरचा ब्रश?"

"कशाला?"

"घोयऱ्याला."

मगदूमनं चष्मा काढून पुसला. "सर, मी त्या जनावराच्या पाच फुटांत जात नाही. आणि मी काढलं असतं तर पानाला देठ काढला असता. ह्या पानाला देठच नाही."

"म्हणजे जवळून बघितलंयस तर!"

"आख्ख्या गावानं बघितलंय. सर, ही ब्रशची कड नव्हे. ब्रशनं अशी कड येत नाही."

खोटं बोलण्याबद्दल मी त्याचा एक गुण कापला आणि सरळ तात्यांकडे गेलो. सांगितलं की शुक्रवारी सकाळी साऱ्या गावासमोर सिद्ध करतो. एक, घोयरा ज्या वस्तूवर बसतो तिचा रंग घेतो, त्यात दैवी काही नाही. दोन, ते पान रंगवलेलं आहे, स्पिरिटनं पुसलं जाईल.

"आन् न्हाई पुसलं तर?" तात्या म्हणाले.

"तर झाड राहू दे," मी म्हणालो. साडेनऊ गुणांचा माणूस असंच बोलतो.

तर असा मी शुक्रवारी लाल टेबलक्लॉथमागे उभा होतो आणि घोयरा काळा होऊन माझ्यावर फिसकारत होता. घोयरा बसल्या जागेचा रंग घेतो, हे मी बावीस वर्षं शिकवत आलो होतो. फळ्यावर लिहून दिलं होतं, परीक्षेत विचारलं होतं, दुसरं उत्तर लिहिणाऱ्याचे गुण कापले होते. घोयऱ्याला मात्र एकदाही कापडावर ठेवून बघितलं नव्हतं.

"असू दे," मी म्हणालो. "मुख्य मुद्दा पानाचा आहे." कापसाचा पांढरा बोळा सगळ्यांना फिरवून दाखवला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि पानावरून चोळला. एकदा, दोनदा, पाचदा. बोळा पांढरा तो पांढराच. पान जागच्या जागी.

"सर, जरा जोरात घासा की," मागून कुणीतरी म्हणालं. "आमची बायकू भांडी घासती तसं."

माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. उन्हात नीट दिसत नाही, भिंगाखाली बघावं लागेल, असं म्हणून मी घोयरा उचलला आणि शाळेच्या व्हरांड्यात नेला. तात्या उठून आले, चार जाणती मंडळी आली. तिथल्या एका स्टुलावर तो ठेवला, भिंग काढलं, धोतराच्या सोग्यानं कुणीतरी ते पुसून दिलं, कुणी "मला बघू, मला बघू" केलं. त्यात दोन-तीन मिनिटं गेली. मी भिंग टेकवलं.

पान नव्हतं. अख्खा घोयरा फिकट, शेवाळी, एकसारखा. कुठून कुठवर पान होतं तेही सांगता येईना.

"ग्येलं!" तात्यांनी पायातल्या चपला काढल्या. मिशा पहिल्यांदाच खाली आलेल्या दिसल्या. "सरांच्या हातात आल्याव महादेव उठून ग्येला."

"पुसलं गेलं!" मी ओरडलो. "स्पिरिटनं पुसलं गेलं! थोड्या वेळानं असर—"

"मग कापूस दावा."

कापूस पांढरा होता.

गर्दीतून वाट काढत मी घोयरा चिंचेवर सोडून आलो. कुऱ्हाडवाले कोपऱ्यात बसून होते. त्यांनी कुऱ्हाडी खांद्यावर टाकल्या. त्यातल्या एकानं आधी दगडाला डोकं टेकवलं आणि जाताजाता माझ्याही पाया पडला. कुणाला खूश ठेवावं हे बहुधा त्याचं अजून ठरत नव्हतं.

घरी आलो. शालन मशिनीत तेल सोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "स्पिरिट लावलंत त्याला?"

"प्रयोग होता."

"मुकं जनावर ते. कातडी भाजत नसेल त्याची? पुसून काढायला तो काय तुमचा फळा आहे?"

"रंग होता तो, शालन. मगदूमनं काहीतरी पक्का रंग—"

"कापसाला लागला?"

"नाही."

"मग?"

मी पाणी प्यालो. रविवारी सभा होती. झाड ठेवायचं की नाही याचा निकाल त्या दिवशी गावासमोर लागणार होता. निकाल काय लागणार हे कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. मी भिंतीला टेकून बसलो आणि म्हणालो, "गेली प्रयोगशाळा. मार्चच्या आत दुसरी जागा कुठली? बावीस वर्षं वाट बघितली, आणि एका सरड्यानं..."

तेलाची कुपी बाजूला ठेवून शालननं हात पुसले. आत गेली, तिची मापाची वही घेऊन आली. पुढून त्या वहीत गावातल्या बायकांच्या छाती, कंबर, बाही. तिनं वही उलटी केली आणि मागून उघडून माझ्या मांडीवर ठेवली.

"वाचा."

मी मधलंच पान उघडलं. "५ फेब्रु. कागद हळदीच्या पाण्यात. उपयोग नाही. ६ फेब्रु. साधं पाणी. पावणेनऊला डाव्या कुशीला चिकटवला. ऊन त्याच बाजूला. नऊ वाजून पाच मिनिटांनी कागद वाळून आपोआप पडला. खाली पान आलं. पंधरा मिनिटं स्वच्छ. ७ फेब्रु. डावीकडे तसंच. दुसरा कागद उजव्या कुशीला, म्हणजे सावलीकडच्या. काही नाही. १० फेब्रु. ढग. काही नाही. १२ फेब्रु. साडेदहाला लावून बघितला. अंग तापलेलं, हिरवा झालेला. काही नाही. सकाळीच होतं. थंडीनं काळा होतो, ऊन पिण्यासाठी. काळं कापड जास्त तापतं तसं. जिथं ऊन लागत नाही तिथं काळा होत नाही."

मी वही मिटली. परत उघडली.

"हे तू..."

"नमुन्याचा कागद. ब्लाउजचा गळा कातरून उरतो तो. पान कातरलं, पाण्यात बुडवलं, पोरी नि माणसं यायच्या आत लावलं. वाळलं की गळून पडतं. खाली कागदाच्या चिंध्याच चिंध्या, कोण बघतंय? पोरी झाडून टाकतात."

"पण सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात? दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगावर चिंचेच्या पाल्याची नक्षी बघितली होती. पाला हलला, नक्षी थोड्या वेळानं गेली. मला वाटलं, सावली छापली जाते ह्याच्यावर. मग तुम्ही झाडावर तोडायची खूण केलीत, तेव्हा आठवलं."

"आणि आज व्हरांड्यात—"

"सावलीत नेलंत त्याला. अख्खाच फिका पडला, मग पान दिसणार कशाला? उन्हातच ठेवून बघितलं असतंत तर पान हळूहळू गेलेलं दिसलं असतं, आणि लोकांनाही कळलं असतं." तिनं तेलाच्या कुपीला बूच लावलं. "मला भीती वाटत होती तुम्ही ओळखाल म्हणून. पण तुम्ही लाल कापड आणलंत."

शंभर पोरांच्या कॉपीच्या शंभर तऱ्हा मी दारातून ओळखायचो, आणि माझ्याच घरून रोज पावणेनऊला एक बाई ओला कागद घेऊन निघत होती. त्या वेळी मी काय करत होतो ते मला नीट आठवतं. पेपरातला विज्ञानाचा रकाना वाचत होतो.

"आणि हे काय?" मी एका ओळीवर बोट ठेवलं. "'कात सापडली. पांढरी, कागदासारखी. रंग नाही. पाण्यात घातली, रंग सुटला नाही. मग हिरवा कुठून येतो? यांना विचारायचं.'"

"ते विचारायचं राहिलं. कुठून येतो?"

"रंगद्रव्य असतं," मी म्हणालो. "हिरवं."

"मग कातीत का नाही?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ते सापडायला वीसेक वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर एका मासिकात वाचलं. घोयऱ्याच्या कातडीत हिरवा रंग नसतोच. कातडीच्या आत अतिसूक्ष्म स्फटिकांच्या रांगा असतात. त्या दाट असल्या की निळा उजेड परततो, वर पिवळ्याचा थर असतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. घोयरा खवळला की रांगा विरळ होतात आणि पिवळा, नारिंगी उजेड परतू लागतो. काळेपणा मात्र खऱ्याखुऱ्या काळ्या रंगाचा. तो पेशीत पसरला की अंग काळं, आकसला की फिकं. बसल्या जागेशी या सगळ्याचा फारसा संबंध नाही. ऊन, थंडी, राग आणि समोर दुसरा घोयरा, यांच्याशी आहे. मी शालनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे धूपछाव कापडागत. रंग दोऱ्यात नाही, विणीत." अगदी तसं नसतं, पण मी दुरुस्त करायला तोंड उघडलं नाही. तेवढं शिकलो होतो.

त्या दिवशी मात्र मी उठून उभा राहिलो. "शालन! म्हणजे रविवारी मी हे सगळं सांगू शकतो! वही दाखवतो, कागद दाखवतो. सोमवारी झाड—"

"सांगा," ती म्हणाली. "पण वही पहिल्या पानापासून वाचायची. मधूनच नाही."

मी पहिलं पान काढलं. तिथं घोयऱ्याचं नाव नव्हतं.

"९ जाने. विचारलं, झाड तोडल्यावर मशिनी कुठं मांडायच्या. उत्तर: बघू.
१४ जाने. विचारलं. तिळगूळ खात होते. उत्तर: बघू या.
२१ जाने. विचारलं. पेपर. उत्तर: हं.
२८ जाने. विचारलं. उत्तर: अगं, प्रयोगशाळा होतेय गावात!
२ फेब्रु. विचारलं. उत्तर: तुझं काय मधेच."

खाली रेघ मारली होती. रेघेखाली, ३ फेब्रुवारीपासून, घोयरा.

"अकरा मशिनी," शालन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिसेक पोरी. त्यातल्या सहा जणींची लग्नं ठरली होती, त्यांनी घरी सांगितलं, शिवण पुरं होईपर्यंत थांबा. आपल्या व्हरांड्यात अकराही रचून ठेवता येतात, पण मांडून बसायचं तर तीनच मावतात. देवळात मावत नाहीत, चावडीत बायकांना बसू देत नाहीत. सावली म्हणून तेवढी एक. तुम्ही नकाशा काढलात, त्यात मी कुठं होते?"

"मला वाटलं, काहीतरी होईल."

"पाच वेळा विचारलं. माणसाचं तुम्ही ऐकत नाही, म्हटलं सरड्याचं तरी ऐकाल."

शनिवार कसा गेला सांगता येत नाही. रविवारी सकाळी वही काखेत मारून शाळेकडे निघालो. खरं सांगायचं तर वाटेत मी पहिलं पान अंगठ्यानं दाबून चाललो होतो. वही दोऱ्यानं शिवलेली, जुनी; एक हिसका दिला असता तर ते पान अलगद हातात आलं असतं. उरलेल्या वहीत माझी प्रयोगशाळा होती. पाया, खिडक्या, नळ, बारा स्टुलं. शाळेच्या फाटकाशी मी थांबलो, चपलेत खडा गेलाय असं दाखवलं, वाकलो, आणि पान दोन बोटांत धरलं. समोरून पोरींच्या घोळक्यात शालन येत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि न थांबता बायकांच्या बाजूला जाऊन बसली.

मी उभा राहिलो. वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. यात धैर्याचा भाग नव्हता. शिक्षकाला मधूनच धडा सुरू करता येत नाही, एवढंच.

पहिल्या "बघू"ला बायकांच्या बाजूनं हुंकार आला. दुसऱ्याला हशा. "तिळगूळ खात होते" म्हटल्यावर तात्यांनी मिशीला हात लावला. "तुझं काय मधेच" येईपर्यंत सगळी सभा लोळायला आली होती आणि माझे कान त्या टेबलक्लॉथसारखे झाले होते. मग मी पुढचं वाचलं. कागद, पाणी, ऊन, सावली. नमुन्याचा कागद दाखवला. व्हरांड्यात पान का गेलं ते सांगितलं. बावीस वर्षं मी चुकीचं शिकवलं तेही सांगितलं. बोलून झालं. आणि मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा मी विज्ञान शिकवलं.

तात्या उठले.

"सर," ते म्हणाले, "पैल्या पानावरचं सगळं पटलं. बायकोनं कायबी इचारलं की आमीबी बघूच म्हंतो. पन म्होरलं काय पटत न्हाई."

"अहो तात्या, लिहून ठेवलंय! तारखेवार!"

"मग करून दावा."

घोयरा शुक्रवारपासून दिसला नव्हता. स्पिरिटनंतर तो जो गेला तो गेला. मी म्हणालो, दुसरा आणा. तात्यांनी सगळीकडे नजर फिरवली. "कोन आनतंय?" एकही हात वर झाला नाही. शुक्रवारनंतर बोरमाळात घोयऱ्याला हात लावणारा माणूस शिल्लक नव्हता.

तेव्हा शालन उभी राहिली. "तात्या, सर खरं सांगतात. मी केलंय. ह्या हातांनी."

तात्यांनी तिला हात जोडले. "वैनी, न्हाई कोन म्हंतंय? तुमच्या हातानं त्येनंच करून घेतलं म्हना की."

शालन खाली बसली. तात्यांचे गुण मला तिथल्या तिथं वाढवावे लागले.

ठराव झाला, झाड तोडायचं नाही. प्रयोगशाळा पश्चिमेला, मुताऱ्यांच्या अलीकडे. पाया मार्चच्या एकोणतिसाव्या दिवशी भरला, त्यामुळे मंजुरी राहिली. घरी येताना शालन म्हणाली, "पहिल्या पानासकट वाचलंत." मी "हं" म्हणणार होतो, आवरलं.

पण तिचीही गोष्ट तिथं संपली नाही. पंधरा दिवसांत चिंचेभोवती पार बांधला. महिन्यात कठडा आला, त्याला दार आलं, दारावर पाटी आली: "चप्पल बाहेर काढावी. कचरा करू नये." मग एका सोमवारी मशिनी मांडणाऱ्या पोरींना पुजाऱ्यानं हटकलं. आता पुजारीही होता. कापडाच्या चिंध्या देवापुढं चालणार नाहीत, म्हणाला. शालन त्याच्याकडे बघतच राहिली. ज्या सावलीसाठी तिनं महादेव आणला, त्या सावलीतून महादेवानं तिला उठवलं होतं.

संध्याकाळी ती व्हरांड्यात बसून होती. मी शेजारी बसलो. म्हणालो, "मशिनी कुठं मांडायच्या गं?"

ती म्हणाली, "बघू."

जूनमध्ये प्रयोगशाळेवर पत्रे चढले. स्टुलं यायची होती, नळाला पाणी यायचं होतं, रसायनं पुण्याहून निघाली होती म्हणे. त्या आठवड्यात शालननं एक हातगाडी ठरवली आणि अकरा मशिनी प्रयोगशाळेत ओळीनं मांडल्या. मला विचारलं नाही. मी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि वर्गावर गेलो.

स्टुलं आली नाहीत. नळाला पाणी आलं नाही. रसायनं अजून वाटेत असतील. पुढच्या वर्षी जिल्ह्याचे एक साहेब प्रयोगशाळेची तपासणी करायला आले. दार उघडलं तर आत तिसेक पोरी आणि अकरा मशिनींचा खडखडाट. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"नाईकनवरे, हे काय?"

"साधी यंत्रं, साहेब," मी म्हणालो. "आठवीला धडा आहे. चाक, तरफ, पट्टा, घर्षण."

साहेबांनी एका पोरीच्या हातातलं चाक फिरवून बघितलं. सुई खालीवर झाली. त्यांना ते आवडलं असावं. त्यांनी आणखी दोनदा फिरवलं. मग शेरेबुक मागवलं आणि उभ्याउभ्या लिहिलं: "प्रयोगशाळेत अकरा यंत्रे आढळली. सर्व चालू स्थितीत. वापर नियमित."

शेरा खोटा नव्हता. त्या खोलीत तेवढंच चालू स्थितीत होतं.